आमच्या वाट्याची दोन जीबी

मामांच्या दुकानात एक नियम आहे. नवीन गिऱ्हाईक आलं की आधीच्या सगळ्या खिडक्या बंद करायच्या आणि मगच पुढचं काम उघडायचं. आता मशीनमध्ये आठ जीबी रॅम आहे, एसएसडी आहे, एका वेळी दहा गोष्टी उघड्या राहिल्या तरी काही बिघडत नाही. मी हे त्यांना तीनदा समजावलंय. ते मान डोलावतात आणि पुढचं गिऱ्हाईक आलं की पुन्हा एकेक खिडकी मिटवत बसतात.

ही सवय त्यांना लागली ती माझ्यामुळे. त्याचीच ही गोष्ट.

आमचं गाव ईट. भूम तालुका, तेव्हाचा उस्मानाबाद आणि आताचा धाराशिव जिल्हा. बालाघाटाचा कोरडा पट्टा. आमचा तालुका खव्यासाठी ओळखला जातो, त्यामुळे घरोघरी म्हशी आणि ठिकठिकाणी भट्ट्या. मामांचं दुकान म्हणजे झेरॉक्स, डीटीपी, लॅमिनेशन आणि 'येथे सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील'. बारावी झाल्यावर, २०१४ च्या उन्हाळ्यात, मी तिथं बसायला लागलो. मशीन जुनं होतं. विंडोज ७, दोन जीबी रॅम, यूएसबीला लावलेलं डोंगल.

रॅम म्हणजे काय, हे आधी सांगून टाकतो, कारण आपल्याकडे 'मोबाइलची मेमरी फुल झाली' असं म्हणताना आपण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतो. फोटो आणि व्हिडिओ जिथं साठतात ते स्टोरेज, म्हणजे घरातली कोठी. रॅम म्हणजे पोळपाटासमोरची जागा. कोठी कितीही मोठी असली तरी लाटायला जागा तेवढीच. तुम्ही फोनवर एखादा लेख वाचताय, मध्येच ओटीपी बघायला मेसेज उघडला, परत आलात तर लेख पहिल्या ओळीपासून लोड होतोय, असं झालंय ना? फोनची रॅम कमी पडली, म्हणून अँड्रॉइडनं मागचं ॲप गुपचूप मारलं. कॉम्प्युटर सहसा असं मारत नाही. तो रॅममधलं सामान उचलून हार्ड डिस्कवर ठेवतो आणि लागेल तेव्हा परत आणतो. फिरती हार्ड डिस्क रॅमपेक्षा किती हळू? एखादी गोष्ट शोधून काढायला साधारण लाखपट. त्या काळात ज्याला आपण 'हँग झालं' म्हणायचो, ते बऱ्याचदा हेच असायचं. डब्यावरचा लाल दिवा एकसारखा लुकलुकत राहायचा.

मी अठरा वर्षांचा होतो आणि मला प्लगइनचा नाद लागला होता. ब्राउझरला ॲड-ऑन जोडता येतात हे कळल्यावर मी एकेक जोडत गेलो. जाहिराती अडवणारं, व्हिडिओ डाउनलोड करणारं, स्क्रीनचा फोटो काढणारं, इंग्रजी शब्दाचा अर्थ दाखवणारं, फॉर्ममध्ये नाव-पत्ता आपोआप भरणारं. आठ झाली. प्रत्येक ॲड-ऑन एकटं बघितलं तर हलकंच होतं आणि कामाचंही. मामा कौतुकानं गिऱ्हाइकाला सांगायचे, "आमच्या भाच्यानं काय काय बसवलंय बघा."

जुलै महिन्यात एका प्रवेशाच्या फॉर्मची शेवटची तारीख होती. रात्री बारापर्यंत मुदत. संध्याकाळी भट्टीवाल्या घरातली एक मुलगी वडिलांबरोबर आली. माझ्यापेक्षा एका वर्षानं लहान असेल. दिवसभर वीज नव्हती, म्हणून सगळे एकदमच आले होते आणि तिचा नंबर साडेदहाला लागला. मी तोवर पंधरा-सोळा टॅब उघडे ठेवले होते. कोणाची पावती, कोणाचा निकाल, कोणाचं अर्धं राहिलेलं. तिचा फॉर्म पाच पानांचा होता. चौथ्या पानावर फोटो अपलोड करताना दिवा लुकलुकायला लागला. कर्सर गोल फिरत राहिला. मी घाईनं अजून चार वेळा क्लिक केलं. वीस मिनिटांनी पान आलं ते 'सेशन संपले, पुन्हा लॉगिन करा' असं सांगत. मी मशीन बंद करून चालू केलं, डोंगल पुन्हा लावलं, तिनं पहिल्यापासून सगळं सांगितलं. बारा वाजून चार मिनिटांनी आम्ही शेवटच्या पानावर होतो.

तिचे वडील म्हणाले, "जाऊ द्या, पुढच्या साली भरू." ती काहीच बोलली नाही. मामांनी पैसे घेतले नाहीत.

पुढच्या साली तिचं लग्न झालं. त्या फॉर्ममुळेच झालं, असं मी म्हणत नाही. लग्नं ठरायला शंभर कारणं असतात. पण त्या रात्री ते मशीन चाललं असतं, तर त्या शंभरांत एक कारण कमी असतं, हे मला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी मी सगळी ॲड-ऑन काढून टाकली. मामांचा नियम तेव्हापासूनचा.

तेव्हा मला वाटत होतं की मशीन गरीब आहे. नेमकं काय झालं असावं ते कळायला पुण्यात कॉम्प्युटर शिकायला जावं लागलं.

प्लगइनवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरचं मूळ गणित साधं आहे. मूळ प्रोग्रॅम लहान ठेवायचा आणि ज्याला जे हवं ते त्यानं जोडून घ्यायचं. म्हणजे ज्याला नको त्याला ओझं नाही. अडचण अशी की प्रत्येक प्लगइन वेगळ्या माणसानं लिहिलेलं असतं आणि लिहिताना प्रत्येकाला वाटतं की मशीनवर आपण एकटेच आहोत.

याचं एक मोजलेलं उदाहरण आहे, आणि योगायोगानं ते त्याच वर्षीचं. मे २०१४ मध्ये मोझिलाचे प्रोग्रॅमर निकोलस नेथरकोट यांनी जाहिराती अडवणारं एक लोकप्रिय ॲड-ऑन फायरफॉक्सवर किती मेमरी खातं ते तपासलं. नुसतं बसवलं की ६० ते ७० एमबी. इथवर ठीक. पण पानाच्या आत ज्या छोट्या खिडक्या असतात, जाहिरातीच्या, व्हिडिओच्या, लाइकच्या बटणाच्या, त्यांना आयफ्रेम म्हणतात. काय लपवायचं याची भली मोठी यादी ते ॲड-ऑन अशा प्रत्येक खिडकीत नव्यानं भरत होतं. दर खिडकीमागे सुमारे ४ एमबी. शेकडो आयफ्रेम असलेलं एक पान ॲड-ऑनशिवाय ३७० एमबी घेत होतं, ॲड-ऑनसह १९६० एमबी. यादी तीच होती. फक्त तिच्या शेकडो प्रती निघत होत्या.

पुढच्या वर्षी, फायरफॉक्स ४१ मध्ये, ती यादी एकदाच ठेवून सगळ्या खिडक्यांनी वाटून घ्यायची सोय झाली आणि हा खर्च एकदम खाली आला. वाचताना मला वाटलं, संपलं की मग. वाटून घ्या, झालं.

पण वाटून घेण्यालाही किंमत असते. तेव्हाचा फायरफॉक्स आणि त्याची ॲड-ऑन एकाच प्रोसेसमध्ये राहायची, म्हणजे एकाच वाड्यात. एकानं भिंत पाडली की वाडा पडणार. एखादं ॲड-ऑन बंद झालेल्या टॅबचं सामान धरून बसलं, तर ती मेमरी मोकळीच व्हायची नाही. गिऱ्हाईक गेलं तरी त्याची पिशवी कोपऱ्यात पडून. २०१२ च्या फायरफॉक्स १५ मध्ये अशा गळतीला बराचसा आळा बसला, तोवर लोक सगळा दोष ब्राउझरलाच देत होते.

दुसरा रस्ता क्रोमनं २००८ मध्येच घेतला होता. टॅबांना वेगवेगळ्या प्रोसेस द्यायच्या. एक टॅब मेला तर बाकीचे जिवंत. फायरफॉक्स त्या रस्त्याला २०१६ पासून लागला आणि नोव्हेंबर २०१७ च्या ५७ व्या आवृत्तीत त्यानं जुन्या पद्धतीची ॲड-ऑन पूर्ण बंद केली. वेगळं राहण्यात सुरक्षितता आहे, पण प्रत्येक घराला आपली चूल, आपली भांडी लागतात. २०१८ मध्ये क्रोमनं प्रत्येक वेबसाइट वेगळ्या प्रोसेसमध्ये कोंडायला सुरुवात केली, तेव्हा गूगलनंच सांगितलं की यानं एकूण मेमरी १० ते १३ टक्के जास्त लागेल. एका साइटनं दुसऱ्या साइटची माहिती चोरू नये, यासाठी मोजलेली ती किंमत.

हे सगळं वाचताना मला आमची विहीर आठवायची.

आजोबांनी खोदलेली विहीर चार भावांत वाट्याची होती. प्रत्येकाची पाळी ठरलेली. ज्याची पाळी त्यानं मोटर लावायची. एकानं दोन तास जास्त चालवली की दुसऱ्याचा कांदा करपायचा आणि मग बांधावर भांडण. २०१२-१३ चा दुष्काळ पडला आणि भांडणं वाढली. शेवटी धाकट्या चुलत्यांनी आपल्या रानात बोअर घेतली. मग थोरल्यांनी. मग आम्ही. पैसे चौपट गेले, पण भांडण मिटलं. कोणी कोणाच्या पाळीत मोटर लावायचा प्रश्नच उरला नाही. दोन वर्षांत चारही बोअर खाली गेल्या आणि विहिरीचा तळ दिसायला लागला. २०१६ मध्ये लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात आमच्या चारपैकी तीन बोअर नुसती हवा ओढत होत्या. बोअर चार होत्या, पण खालचं पाणी एकच होतं.

प्रोसेस वेगळ्या केल्या तरी रॅम एकच असते. हे मी परीक्षेत लिहिलं असतं तर एखादा मार्क मिळाला असता. कळलं मात्र उशिरा, आणि तेही स्वतः प्लगइन लिहिल्यावर.

२०१९ मध्ये मला नोकरी लागून वर्ष झालं होतं. कंपनीनं १६ जीबीचा लॅपटॉप दिलेला. मामांकडे तेच जुनं मशीन. त्यावर ते लिबरऑफिसमध्ये अर्ज टाइप करायचे. वारसनोंदीचे, फेरफाराचे, रस्त्याच्या वादाचे. शुद्धलेखनाच्या चुकांवरून कोणीतरी अर्ज परत पाठवला म्हणून ते एकदा फोनवर चिडले होते. मी म्हटलं, मामांसाठी प्लगइन लिहितो. चुकीच्या शब्दाखाली रेघ येईल आणि बरोबर शब्द सुचवला जाईल. शुद्धलेखन तपासण्याची सोय लिबरऑफिसमध्ये आधीच होती, पण मला मामांच्या अर्जांतले शब्द हवे होते आणि खरं सांगायचं तर मला काहीतरी करून दाखवायचं होतं.

मराठीची गंमत तुम्हाला माहीत आहे. शब्द 'विहीर', पण लिहिताना विहिरी, विहिरीत, विहिरीला, विहिरीवरच्या, विहिरीवरच्यांनी. एका नामाची सहज शे-दीडशे रूपं. मी सरळ रस्ता घेतला. सगळी रूपं एकदाच तयार केली, दहा लाखांच्या आसपास, आणि प्लगइन सुरू होताना रॅममध्ये भरून ठेवली. शब्द आहे की नाही, उत्तर निमिषात.

हे पायथॉनमध्ये होतं. 'मराठी' या शब्दात युनिकोडची पाच चिन्हं आहेत, मूळ माहिती दहा बाइटांची. पण त्या वेळच्या पायथॉनमध्ये तो एक शब्द ठेवायला ८४ बाइट लागायचे, कारण प्रत्येक शब्दाबरोबर त्याची लांबी, प्रकार, मोजणी असा बाडबिस्तरा येतो. लांब शब्दांना अजून जास्त, आणि वर शोधायच्या तक्त्याची जागा. सगळं मिळून सुमारे १३० एमबी. माझ्या लॅपटॉपवर ते दिसतसुद्धा नव्हतं. एक टक्काही नाही. मी दिवाळीत जाऊन मामांच्या मशीनवर बसवून आलो. चार अर्जांवर चालवून दाखवलं. मामा खूश.

संक्रांतीला फोन केला तेव्हा विचारलं, "मामा, ते रेघ मारणारं कसं चाललंय?"

थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "आरं, ते काढून टाकलं बघ मी."

"का? चुका दाखवत नव्हतं का?"

"दाखवत होतं की. चांगलं दाखवत होतं. पर मशीन जड झालतं. गिऱ्हाईक उभं आसतंय आन् हे गोल फिरत बसतंय. तुला सांगणार होतो, पर तू एवढ्या हौसेनं बसवलं होतंस..."

फोन ठेवल्यावर मी हिशेब केला. दोन जीबीतली साधारण निम्मी विंडोज आणि अँटिव्हायरस घेणार. ब्राउझरला पाच-सहाशे एमबी. लिबरऑफिस आलं. स्कॅनर आणि प्रिंटरची सॉफ्टवेअरं आली. उरलेल्यात माझे १३०. मला जे एक टक्काही वाटत नव्हतं, ते मामांकडे उरलेल्या जागेचा बराच मोठा तुकडा होतं. २०१४ मध्ये त्या ॲड-ऑनवाल्यांनी जे केलं, तेच मी केलं होतं. आणि त्यांच्याकडे निदान माझं मशीन बघायची सोय तरी नव्हती. मी तर त्या मशीनवर बसून रात्री काढल्या होत्या.

मग मी आधी करायला हवं होतं ते केलं. लिबरऑफिसमध्ये आधीपासून असलेलं हंस्पेल कसं चालतं ते वाचलं. हंगेरीच्या लास्लो नेमेथ यांनी ते आपल्या भाषेसाठी घडवलं. हंगेरियनही मराठीसारखीच शब्दाला शेपटी, शेपटीला शेपटी जोडत जाते. त्यांनी सगळी रूपं साठवलीच नाहीत. एका फाइलमध्ये मूळ शब्द, दुसरीत जोडायचे नियम. समोर शब्द आला की शेपट्या सोलत मुळाशी जायचं आणि ते मूळ यादीत आहे का बघायचं.

मी प्लगइन पुन्हा लिहिलं. १३० एमबीचे ११ झाले. फुकट झाले नाहीत. पूर्वी यादीत बघायला जेवढा वेळ लागत होता, त्याच्या शेकडो पट वेळ आता एका शब्दाला लागत होता. पण तीनशे शब्दांचा अर्ज तपासून व्हायला तरीही डोळ्याची पापणी लवण्यापेक्षा कमीच वेळ, म्हणून ती किंमत परवडली. दुसरी किंमत जास्त लागली. नियम भोळे असतात. 'विहीर'ला 'ईत' जोडा म्हटलं की ते 'विहीरीत' सुद्धा बरोबर मानतात, आणि मामांच्या अर्जात नेमकी तीच चूक असते. यादीत अशी चूक शिरायला जागा नव्हती. मग उपान्त्य ऱ्हस्व करायचा नियम, त्याला अपवाद, अपवादांची यादी. त्या यादीला पुन्हा मेमरी. कुठंतरी थांबावं लागतं. मी काही चुका सुटू दिल्या.

तिसरी गोष्ट एक्लिप्सकडून शिकलो. प्रोग्रॅमर वापरतात ते हे सॉफ्टवेअर जवळजवळ सगळंच्या सगळं प्लगइनचं बनलेलं आहे. तिथं पाळायचा दंडक असा की प्लगइननं सुरुवातीला फक्त आपली पाटी लावायची. आत काय आहे ते गरज पडेपर्यंत उघडायचं नाही. माझं प्लगइन आता पहिला मराठी शब्द टाइप होईपर्यंत झोपलेलं असतं. त्यामुळे त्या पहिल्या शब्दाला सेकंदभर थांबावं लागतं. मामांनी तेही लगेच पकडलं. "पहिल्यांदा जरा आडतंय." मी म्हटलं, "हो मामा, तेवढं आडणार." वेगळ्या प्रोसेसमध्ये ठेवायचाही विचार केला होता, म्हणजे माझं प्लगइन कोसळलं तरी अर्ज वाचला असता. पण अजून एक पायथॉन उघडायची चैन त्या मशीनला झेपणारी नव्हती. म्हणून ते वाड्यातच राहिलं आणि मी भिंतींना जपायला शिकलो.

गेल्या वर्षी दिवाळीत मी दुकानात बसलो होतो. मामा जेवायला गेलेले. एक बाई आत आली, बरोबर सात-आठ वर्षांचा मुलगा. बचत गटाचा अर्ज टाइप करायचा होता, खव्याच्या नव्या भट्टीसाठी कर्ज. हातानं लिहून आणलेला कागद तिनं काउंटरवर ठेवला. अक्षर बघितलं आणि मग चेहरा. तिनं मला आधीच ओळखलं होतं.

मी टाइप करायला लागलो. मधे एका शब्दाखाली लाल रेघ आली, मी दुरुस्त केली. मुलगा स्क्रीनकडे बघत होता. त्यानं विचारलं, "हे कसं कळतं त्याला?" मी म्हटलं, "सांगितलंय म्हणून."

सही करताना ती म्हणाली, "दादा, मशीन बदललंय ना आता?"

"बदललंय. आठ जीबी आहे."

"मग हँग नाही होत."

"नाही होत," मी म्हटलं.

तिनं कागद घडी करून पिशवीत ठेवला, पैसे दिले. मी घेतले, कारण नाही म्हणायला काही सुचलं नाही. ती गेल्यावर मी तिचा अर्ज सेव्ह केला, बंद केला, प्रिंटरची खिडकी बंद केली, ब्राउझर बंद केला. पुढचा माणूस बाकावरून उठून काउंटरपाशी आला होता.